२ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: राधानगरी धरणाचं ॲनिमेशन

नमस्कार सर, सविस्तर लिहिलात त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की धरणाच्या ॲनिमेशनला आम्ही इंकस्केपसारखं चित्र काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं, आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशन व्हिडिओ बनवायचं विकतचं सॉफ्टवेअर नाही, त्यामुळं चित्र सपाट दिसतंय, सावली नाही, चमक नाही, मग पैसे कशाचे घेतले. बाकीचे शिक्षकपण हे वाचतील म्हणून नीट सांगतो.

आफ्टर इफेक्ट्स आमच्याकडं आहे, रोज वापरतो. पण तुमची साइट बघणार कोण, तर गगनबावडा, चंदगड, भुदरगडकडची पोरं, तीपण बाबा कामावरनं आल्यावर बाबांच्या मोबाइलवर, नि पावसाळ्यात तिकडं रेंजचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. व्हिडिओ गोल गोल फिरत बसला की पोरगं पान बंद करणारच.

आणि त्या धड्यात कळायला पाहिजे काय? धरण भरलं की ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानंच उघडतात, कुणी बटण दाबायला लागत नाही. एवढंच ना! म्हणून एसव्हीजीत, म्हणजे ब्राउझर स्वतःच रेखाटतो तसल्या फाइलीत, रेषांचं चित्र काढून सीएसएसनं, म्हणजे वेबपानाचं रूप नि हालचाल ठरवणाऱ्या कोडनं, हलवलं, पोरगं बोटानं पातळी वर नेतं नि दरवाजा कधी सुटतो ते स्वतः बघतं, व्हिडिओत हे जमत नाही. सावलीचं म्हणाल तर त्यासाठी हलत्या चित्रावर ब्लर (धूसरपणा) टाकला की साधा फोन प्रत्येक फ्रेमला ते परत रंगवत बसतो नि दरवाजे अडखळत उघडतात, म्हणून आम्ही शक्यतो फक्त ट्रान्सफॉर्म (जागा, आकार, वळण) नि ओपॅसिटी (पारदर्शकता) एवढंच बदलतो, त्याला फोनवर ताण कमी येतो.

जीआयएफ सुचवलात तुम्ही. त्यात एका फ्रेमला २५६ च रंग, फाइल जड, नि पोराला मधेच थांबवून बघता येत नाही. शिकवायच्या चित्राला थांबवायची सोय नसेल तर मला ते पटतच नाही. लॉटी, म्हणजे आफ्टर इफेक्ट्समधलं ॲनिमेशन वेबपानावर चालवायचा प्रकार, आम्ही होमपेजवरच्या हात हलवणाऱ्या मुलाला वापरलंय, धड्यात नाही, कारण त्याचा प्लेअर वेगळा उतरवावा लागतो नि आफ्टर इफेक्ट्समधनं अक्षरं तशीच काढली की मराठी जोडाक्षरं फुटतात. एसव्हीजीत ‘सांडवा’ हे खरं अक्षर राहतं, स्पेलिंग बदलायचं झालं तर तुम्ही स्वतः बदलू शकता, सगळ्या मूळ फाइल तुम्हाला दिल्यात.

तुमच्या जुन्या साइटवरचं जलचक्र आठवा. फ्लॅश या ॲडोबीच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये केलेलं, महागातलं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट संपला, १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनंच ते अडवलं नि ते पान तेव्हापासून कोरंच आहे. एका कंपनीच्या प्लेअरवर अवलंबून राहिलं की असं होतं, एसव्हीजी उघडं स्टँडर्ड आहे, ब्राउझरला बाहेरचं काही लागत नाही.

पैसे सॉफ्टवेअरचे नव्हतेच सर, धडा समजून घेऊन काय दाखवायचं नि काय गाळायचं ते ठरवायचे, आणि स्वस्तातल्या फोनवर लावून लावून तपासायचे होते.

हृदयाच्या धड्याला मात्र मी स्वतःच ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करून छोटा एमपी४ व्हिडिओ ठेवा म्हणेन, झडपा आतनं दाखवायला रेषा पुरत नाहीत. शाहूपुरीतल्या ऑफिसला सवडीनं या, येताना तुमच्या वर्गातल्या पोरांच्या घरी असतो तसला साधा फोन आणा, रेषांचं चित्र नि व्हिडिओ दोन्ही त्याच्यावरच लावून बघू.