घरगुती जहालांसाठी चार सूचना

आपली राजकीय मते जहाल आहेत आणि ती आपण आजवर चारचौघांत कधीही उच्चारलेली नाहीत, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल आणि मवाळ यांच्यात जुंपली तेव्हा भर मंडपात व्यासपीठाच्या दिशेने जोडा भिरकावला गेला. आपण मात्र जोडे दाराबाहेरच्या रॅकमध्ये नीट लावून मगच जहाल होता, ही शंभराहून अधिक वर्षांतली मोठीच प्रगती म्हटली पाहिजे. आता प्रश्न एवढाच उरतो की, आपल्याइतकीच भयंकर मते उराशी बाळगून सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी गुपचूप बसलेले आहे, त्या मंडळींना हुडकावे कसे आणि त्यांच्याशी सूर जुळवावा कसा.

हा शोध व्हॉट्सॲपवर घेऊ नये, कारण तेथे लिहिलेले राहते आणि पुढे भाचीचे लग्न ठरवताना नेमके नको त्या माणसाच्या हाती लागते. सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे कोजागरीची गच्ची. मसाला दुधाचा पेला हाती आला की त्यावरची साय फुंकरीने बाजूला सारत, चंद्राकडे पाहत, कोणालाही उद्देशून नाही अशा स्वरात म्हणावे, “मी काही कुठल्या पक्षाचा नाही, पण...” आणि एक घोट घ्यावा. शेजारच्या खुर्चीतून “अगदी खरे आहे” असे उत्तर आले, तर आपला माणूस सापडला असे समजावे. आपण अजून काहीच म्हटलेले नसताना त्याला ते पटलेले असते, ही खूण कधी चुकत नाही.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी राहतात, त्यांना सगळे साहेब म्हणतात. चौथ्या मजल्यावर एकेकाळी चळवळीत असलेले निवृत्त प्राध्यापक राहतात, ते सर. गेली ११ वर्षे या दोघांचे महापालिकेपासून मराठी मालिकांपर्यंत एकाही विषयावर एकमत झालेले मी पाहिले नव्हते. गेल्या कोजागरीला ते झाले, आणि दुसरे पातेले उकळायच्या आत झाले. निवडणुका दहा वर्षे बंद ठेवाव्यात असे साहेबांचे म्हणणे पडले, कारण लोकांची लायकी नाही. सरांनाही मुद्दा तत्त्वतः मान्य होता, फक्त त्यांच्या मते लोकांच्या जाणिवांचा पुरेसा विकास झालेला नाही. मुळात हे एकच वाक्य आहे, साहेबांनी ते बनियनवर म्हटले आणि सरांनी त्यावर खादीचा झब्बा चढवला, हे एकदा ओळखता आले की भिन्न विचारधारांशी संवाद साधणे किती सोपे आहे याचा आपल्याला अचंबा वाटू लागेल.

मतैक्य पक्के करण्यासाठी लगोलग मताधिकाराचा विषय काढावा. मत फक्त कर भरणाऱ्यांना असावे, असे साहेब म्हणतील. सर कराऐवजी शिक्षण म्हणतील. आणि आपल्या दोघांकडे दोन्ही आहे हे लक्षात येऊन वातावरण अधिकच प्रसन्न होईल. ही कल्पना नवी असल्याचा आव मात्र आणू नये. १९३५ च्या कायद्याने इंग्रजांनी मताधिकार दिला तो शेतसारा, कर आणि शिक्षण अशा निकषांवरच बेतलेला होता, आणि प्रौढ लोकसंख्येपैकी बहुतेक जण त्यातून बाहेर राहिले होते. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक लोकांना एकदम मत देण्यात आले, आणि त्यातल्या बहुसंख्यांना वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची वेगळी मतपेटी ठेवावी लागली. या चुकीपासून आपली घसरण सुरू झाली, असे दोघांनी मिळून ठरवावे. दूध गाळणाऱ्या मावशी त्या वेळी जवळ असतील तर आवाज किंचित खाली आणावा, कारण त्या दर निवडणुकीला मतदान करतात आणि आपण त्या दिवशी लोणावळ्याला जातो.

सर्वांत नाजूक सूचना अशी की, कडक माणसाच्या हाती देश द्यावा इथपर्यंत एकमत झाल्यावर तो माणूस कोण, हे कधीही विचारू नये. नाव निघाले की साहेबांना एक दिसते, सरांना दुसरे, आणि ११ वर्षांचे वैर दुधासकट उतू जाते. नावाची जागा कोरी ठेवावी, आणि त्या कोऱ्या जागेत प्रत्येकाने मनातल्या मनात स्वतःच्या मेहुण्याला वगळून कोणालाही बसवावे. हुकूमशाही हा शब्दही टाळावा. त्याला “शिस्त” म्हणावे, फारच झाले तर “कणखर नेतृत्व” म्हणावे, आणि सरांशी बोलताना “संक्रमणकाळ” म्हणावे.

आणीबाणीचा उल्लेख करायला हरकत नाही. तेव्हा गाड्या वेळेवर धावत, हे वाक्य बहुतेक वेळा ज्याने त्या २१ महिन्यांत फारसा प्रवास केलेला नसतो त्याच्या तोंडी शोभून दिसते. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा होता होता राहिले, हे मात्र आठवू नये. साहेब स्वतः चार भावंडांत शेवटचे आहेत. साहेबांचे काका संघाचे आणि सरांचे मामा समाजवादी, दोघेही त्या काळात येरवड्याच्या तुरुंगात होते आणि तेथेच त्यांची मैत्री जमली, हेही दोन्ही घरांत सांगितले जाते. मागच्या पिढीला एकमत व्हायला तुरुंगात जावे लागले, तेही अशा राजवटीच्या विरोधात. आपल्याला ते तिच्या बाजूने, घरबसल्या, चारोळी घालून मिळते.

चर्चेला वैचारिक उंची द्यायची असेल तर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत केलेल्या भाषणाचा आधार घ्यावा. हे भाषण वाटून घेण्यास फार सोयीचे आहे. साहेबांनी “अराजकाचे व्याकरण” घ्यावे, म्हणजे मोर्चेवाल्यांना सुनावता येते. सरांनी राजकारणात समता आणि समाजात विषमता या विसंगतीचा भाग घ्यावा, म्हणजे व्यवस्थेला सुनावता येते. मध्ये राजकारणातल्या भक्तीविषयी एक भाग येतो, आणि ती वाट अधोगतीकडे व शेवटी हुकूमशाहीकडे जाते असे तेथे स्वच्छ म्हटलेले आहे. तो भाग कोणाच्याच वाट्याला येऊ देऊ नये.

एवढे सगळे जमले तरी एका बाबतीत सावध राहावे लागेल, आणि ती बाब म्हणजे सोसायटी. आमच्या अध्यक्षांनी कोजागरीनंतर महिन्याभरातच, सभा न बोलावता, मासिक देखभाल खर्च २०० रुपयांनी वाढवला आणि पाहुण्यांच्या गाड्या आत घेणे बंद केले. गृहस्थ तसे कार्यक्षम आहेत. त्यांच्या काळात लिफ्ट बंद पडलेली नाही, पाणी वेळेवर येते, आणि ते कोणाचे ऐकत नाहीत, म्हणजे गच्चीवर जे जे मागितले गेले होते ते सगळे त्यांच्यात होते. तरीही दुसऱ्याच दिवशी सकाळी साहेब उपविधींची प्रत काखेत मारून चौथ्या मजल्यावर पोचले. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, कलम कलम दाखवून ते सांगत होते, आणि सर एकेका ओळीखाली लाल पेनाने रेघ मारत होते. थकबाकीदार सभासदांचे काय, असे मी मध्येच विचारले, तेव्हा दोघेही माझ्यावर एकदम उखडले. थकबाकी असो वा नसो, मत प्रत्येकाला असलेच पाहिजे, असे सरांनी बजावले. तळमजल्यावरच्या एका खोलीच्या घरालाही आपल्या तीन खोल्यांइतकेच एक मत आहे, आणि सहकाराचा तो आत्मा आहे, ही पुस्ती साहेबांनी स्वतः जोडली.

उपनिबंधकांकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा त्याच दुपारी तयार झाला. भाषा सरांची होती आणि अक्षर साहेबांचे. विषयाच्या ओळीत “अध्यक्षांच्या मनमानी कारभाराबाबत” असे लिहिले होते, आणि शेवटच्या परिच्छेदात विद्यमान समिती बरखास्त करून तातडीने निवडणूक घेण्याची मागणी होती. सह्यांसाठी दोघे मजल्या-मजल्यावर फिरले. माझ्या दारात आले तेव्हा साहेबांनी पेनाचे टोपण काढून हातात दिले आणि म्हणाले, “दहा दिवसांच्या आत निवडणूक लागली पाहिजे. जास्त थांबून चालायचे नाही.”