‘मैदान मोकळे होते म्हणून जिंकले’: अ‍ॅन्सन डोरन्स यांच्याविषयीच्या एका लाडक्या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स ऑगस्ट २०२४ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या गौरवासोबत एक जुना दावाही पुन्हा फिरू लागला. तो थोडक्यात असा: डोरन्स यांनी सुरुवात केली तेव्हा महिला फुटबॉल खेळणारी विद्यापीठे बोटांवर मोजण्याइतकी होती, देशातल्या साऱ्या चांगल्या मुली त्यांच्याकडेच जात, राष्ट्रीय संघही त्यांच्याच हाती होता, आणि इतर विद्यापीठे जागी झाल्यावर त्यांचे जिंकणे थांबले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्याशिवायही हाच संघ राष्ट्रीय विजेता ठरल्यावर या दाव्याला शेवटची जोड मिळाली: प्रशिक्षक कोणीही असता तरी हेच घडले असते. डोरन्स यांचा जन्म १९५१ चा आणि मुंबईचा, एका अमेरिकन कुटुंबातला. त्यामुळे आपल्याकडेही त्यांचे नाव अधूनमधून कौतुकाने निघते आणि पाठोपाठ हा दावाही येतो. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, पण जे तथ्य आहे ते चुकीच्या ठिकाणी जोडलेले आहे.

प्रथम ‘प्रतिस्पर्धीच नव्हते’ या मुद्द्याकडे वळू, कारण बाकीचा सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या तरतुदीने सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगाधारित भेदभावाला मनाई केली आणि मुलींच्या खेळांना हळूहळू जागा मिळू लागली. नॉर्थ कॅरोलायनात मुली स्वतःच क्लब म्हणून खेळत होत्या आणि विद्यापीठाचा अधिकृत संघ व्हावा ही त्यांची मागणी होती. क्रीडा संचालक बिल कोबी यांनी त्यांचा खेळ पाहण्यासाठी डोरन्स यांना पाठवले. डोरन्स १९७७ पासून तेथील पुरुष संघाचे प्रशिक्षक होते आणि सोबत कायद्याचे शिक्षण घेत होते, जे त्यांनी पुढे पूर्ण केले नाही. १९७९ मध्ये महिला संघ उभा राहिला आणि १९८८ पर्यंत ते दोन्ही संघ सांभाळत राहिले. म्हणजे सुरुवातीची सारी वर्षे त्यांचे लक्ष अर्धेच महिला संघाकडे होते, ही गोष्ट दावा करणारे सहसा सांगत नाहीत.

एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची महिला फुटबॉल स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात केवळ १२ संघ होते. १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ विजेतेपदे नॉर्थ कॅरोलायनाने मिळवली त्या काळातही चुरस आजच्याइतकी नव्हती. १९९२ च्या अंतिम सामन्यात शेजारच्या ड्यूक विद्यापीठाचा ९–१ असा पराभव झाला; राष्ट्रीय अंतिम सामन्यात असा निकाल लागतो तेव्हा खेळाचा पाया अजून अरुंद आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. इथपर्यंत दावा बरोबर आहे. मात्र ती मोकळीक सर्वांनाच सारखी होती. सेंट्रल फ्लोरिडाचा संघ १९८१ आणि १९८२ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात होता, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही विद्यापीठे तेव्हापासूनच जोमात होती, आणि जॉर्ज मेसनने तर १९८५ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला २–० असे हरवलेही. लवकर आलेले पुष्कळ होते. त्यांतला एकच संघ पुढची चाळीस वर्षे वर राहिला. लवकर येणे हे त्याचे कारण असते, तर ते बाकीच्यांनाही लागू पडायला हवे होते.

दावा खरा की खोटा हे तपासण्याची सरळ रीत म्हणजे गर्दी झाल्यानंतरचा काळ पाहणे. २००१ पासून या स्पर्धेत ६४ संघ खेळू लागले. पहिल्या श्रेणीत महिला फुटबॉल खेळणाऱ्या विद्यापीठांची संख्या तीनशेच्या पुढे गेली. या ६४ संघांच्या काळात डोरन्स यांच्या संघाने २००३, २००६, २००८, २००९ आणि २०१२ अशी पाच विजेतेपदे मिळवली. त्यांच्या निवृत्तीपर्यंत याच काळात पाच विजेतेपदे दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाच्या नावावर नव्हती. फ्लोरिडा स्टेट चारपर्यंत पोहोचले होते आणि स्टॅनफर्ड तीनपर्यंत. त्यातही २००८ आणि २००९ ही वर्षे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. २००८ च्या अंतिम सामन्यात समोर आलेला नोत्र दाम आणि २००९ च्या अंतिम सामन्यातला स्टॅनफर्ड, हे दोन्ही संघ त्या हंगामात तोवर एकही सामना न हरता तिथवर आले होते. पहिला २–१ आणि दुसरा १–० असा पराभूत झाला. मोकळ्या मैदानावर धावणाऱ्याला असे प्रतिस्पर्धी भेटत नाहीत.

दुसरा मुद्दा असा की उत्तम खेळाडू आपोआप त्यांच्याकडे येत. मिया हॅम, क्रिस्टिन लिली, एप्रिल हाइनरिक्स, नंतर हेदर ओ’रायली, टोबिन हीथ, क्रिस्टल डन, इंग्लंडच्या लूसी ब्रॉन्झ आणि अलेसिया रुसो ही यादी पाहता तसे वाटणे साहजिक आहे. हॅम चॅपल हिलमध्ये, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी, ज्या ९५ सामन्यांत खेळली, त्यांतला एकच सामना संघाने गमावला. परंतु चांगले खेळाडू मिळवणे हे महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कामाबाहेरचे नशीब नसते, तेच त्याचे अर्धे काम असते. शाळेतल्या मुलींचे सामने पाहणे, घरच्यांशी बोलणे, मर्यादित शिष्यवृत्त्या कोणात कशा वाटायच्या हे ठरवणे, यात ज्याची नजर चुकते त्याचा संघ तीन-चार वर्षांनी ढासळतो, कारण खेळाडूची पात्रता साधारण चार हंगामांचीच असते आणि दर चार वर्षांनी संघ जवळजवळ पूर्ण बदलतो.

आणि एकदा आलेल्या खेळाडूचे तेथे काय होई, हा भाग तर दाव्यात येतच नाही. डोरन्स यांच्या सरावाची पद्धत ‘कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन’ या नावाने ओळखली जाते. तिची मूळ कल्पना त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावावरून उचललेली होती. छोट्याशा चौकोनात दोन मुली एकमेकींविरुद्ध खेळत. कोण किती वेळा जिंकली हे कडेला उभे असलेले मदतनीस कागदावर टिपून घेत. धावण्याच्या शर्यती, हेडिंग, गोलवरचे फटके, लहान संघांचे सामने, सगळ्याची नोंद होई आणि क्रमवारी सर्वांना दिसेल अशी लावली जाई. संघात कोणाला जागा मिळते यावर वाद घालायला फारशी जागा उरत नसे, कारण आकडे भिंतीवर असत. मैत्रिणीला सरावात हरवायला संकोचणाऱ्या मुलींना या नोंदींमुळे जणू परवानगीच मिळे, असे डोरन्स यांचे निरीक्षण होते. ही पद्धत कठोर आहे, प्रत्येकीला ती मानवेल असे नाही, आणि रोज आपला क्रमांक भिंतीवर पाहणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीवर काय ताण येत असेल हा प्रश्न रास्तच आहे. पण ती एक विचारपूर्वक घडवलेली पद्धत होती, आणि पुढे कितीतरी प्रशिक्षकांनी तिचे अनुकरण केले. खेळाची रचनाही तशीच: मागे तीनच बचावपटू ठेवायचे, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यातच हिसकावायचा, आणि बदली होऊन बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात येऊ देणाऱ्या महाविद्यालयीन नियमांचा फायदा घेऊन ताज्या दमाच्या मुली सतत आत-बाहेर करायच्या. तो नियम प्रत्येक विद्यापीठाला खुला होता.

राष्ट्रीय संघाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. डोरन्स १९८६ ते १९९४ या काळात अमेरिकेच्या महिला संघाचेही प्रशिक्षक होते, आणि नेमक्या याच वर्षांत त्यांचे विद्यापीठ सलग जिंकत होते. राष्ट्रीय संघाची दारे ज्याच्या हाती आहेत त्याच्याच विद्यापीठात जावे, असे एखाद्या गुणी मुलीला वाटले नसेल असे कोण म्हणेल? एकाच माणसाकडे ही दोन्ही पदे असणे आज सहन केले जाणार नाही, आणि तसे ते योग्यच आहे. पण यातून ‘१९९१ चा पहिला महिला विश्वचषक म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाचाच संघ’ असा निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही. चीनमध्ये गेलेल्या १८ जणींपैकी नऊ त्यांच्या विद्यापीठाच्या होत्या हे खरे. परंतु नॉर्वेविरुद्धच्या २–१ अशा अंतिम विजयातले दोन्ही गोल मिशेल एकर्सचे होते, स्पर्धेत सर्वाधिक दहा गोलही तिचेच, आणि ती सेंट्रल फ्लोरिडाची. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरलेली कॅरिन जेनिंग्स कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठाची.

यश फक्त परिस्थितीचे होते असे म्हणताना दावा करणारे नकळत आणखी एक गोष्ट करतात: त्या माणसाने काय केले, हा प्रश्नच ते बाजूला सारतात, आणि त्याबरोबर जे गंभीर आहे तेही बाजूला पडते. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स आणि विद्यापीठाविरुद्ध लैंगिक छळाचा दावा दाखल केला. खेळाडूंच्या खासगी आयुष्याविषयी संघात चालणारे बोलणे हा त्याचा गाभा होता. डोरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. पहिल्या खेळाडूशी २००४ मध्ये तडजोड झाली. दुसरीचा दावा खालच्या न्यायालयाने फेटाळला होता. पण २००७ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो निर्णय रद्द केला आणि हे प्रकरण ज्युरीसमोर जायला हवे असे ठरवले. खटला उभा राहण्याआधीच, जानेवारी २००८ मध्ये, ३,८५,००० डॉलरच्या तडजोडीवर तो मिटला आणि अशा बोलण्यात आपण भाग घेतला, ते अनुचित होते, हे डोरन्स यांनी मान्य करून माफी मागितली. त्याच वर्षी त्यांचा राष्ट्रीय फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला आणि वर्षअखेरीस विद्यापीठ पुन्हा विजेते ठरले. त्यांच्या कारकिर्दीवर टीका करायची तर ती इथे करावी. इथे भक्कम कागदपत्रे आहेत. ‘मैदान मोकळे होते’ ही टीका त्यापुढे फारच सौम्य आणि शिवाय चुकीची आहे.

‘इतर जागे झाले आणि ते संपले’ हा चौथा मुद्दा. २०१२ नंतर त्यांना विजेतेपद मिळाले नाही, यात वाद नाही. पण २०१८, २०१९ आणि २०२२ मध्ये त्यांचा संघ अंतिम सामन्यात होता. २०१९ मध्ये स्टॅनफर्डविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर निकाल पेनल्टींवर लागला. २०२२ मध्ये यूसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाविरुद्ध २–० अशी आघाडी होती, ती सुटली. अखेरच्या मिनिटात बरोबरी झाली आणि जादा वेळेत सामना २–३ असा गेला. सत्तरीच्या आसपास असलेल्या प्रशिक्षकाचा संघ तीनशेहून अधिक संघांतून पाच वर्षांत तीनदा शेवटच्या सामन्यापर्यंत येत असेल, तर ‘संपले’ हा शब्द जरा घाईचा वाटतो.

राहिला डिसेंबर २०२४. डोरन्स यांनी हंगाम तोंडावर असताना पद सोडले, आणि डेमन नाहास यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून संघ हाती घेऊन अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टला १–० असे हरवले. नाहास बाहेरून आलेले नव्हते. ते अनेक वर्षे डोरन्स यांचेच सहायक होते. ज्या संघाने हे केले तो काही तयार ताटासारखा मिळालेला नव्हता: त्याच वर्षीच्या सुरुवातीला व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर अ‍ॅली सेंटनर आणि दुसऱ्या क्रमांकावर सॅव्ही किंग गेली होती, दोघीही नॉर्थ कॅरोलायनाच्या, आणि किंगचा तर विद्यापीठात एकच हंगाम झाला होता. अशा गळतीनंतर संघ पुन्हा बांधून जिंकणे हे नाहास यांचे कर्तृत्व आहे आणि ते त्यांना पुरते मिळायला हवे. ‘कोणीही जिंकले असते’ असे म्हणणारे डोरन्स यांना कमी लेखताना नाहास यांच्यावरही अन्याय करतात.

याच निमित्ताने आकड्यांचा एक घोळही निस्तरावा. डोरन्स यांच्या नावावर २२ राष्ट्रीय विजेतेपदे आहेत, त्यांतले १९८१ चे पहिले एआयएडब्ल्यू या महिलांच्या जुन्या क्रीडासंघटनेचे आणि उरलेली २१ एनसीएएची. २०२४ चे विजेतेपद हे विद्यापीठाचे २२ वे एनसीएए विजेतेपद आहे, पण ते डोरन्स यांचे नाही. दोन्हीकडे २२ हाच आकडा येत असल्याने अनेकजण ही दोन खाती एकत्र करतात.