वह्या कुठे पळून जात नाहीत

तुमच्या आळीमागच्या वस्तीत चाळीसेक मुलं आहेत, त्यांच्याकडे वह्या नाहीत, आणि हे बघून तुम्हाला वाईट वाटलं. छान. आता घाई करू नका. घाईत माणूस घाऊक दुकानात जातो, चार गठ्ठे सायकलच्या कॅरिअरला बांधतो आणि दिवेलागणीच्या आत वाटून मोकळा होतो. मग पुढे काय? ना फोटो, ना अहवाल, ना पद. आमच्याकडे एक निवृत्त बाई दर जूनला हेच करतात. त्यांना आजतागायत कुणी प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलेलं नाही, यावरून काय ते समजा.

तुम्ही संस्था काढा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान ७ माणसं लागतात. ती बाहेर शोधायला जाऊ नका. मुंजीची आमंत्रणाची यादी घरात असेलच. तुम्ही अध्यक्ष. मेहुणा उपाध्यक्ष, कारण तो नाही केला तर घरात जेवण मिळणार नाही. साडू कार्याध्यक्ष, कारण मेहुणा उपाध्यक्ष झाला. मग सचिव, सहसचिव आणि खजिनदार. खजिनदार शक्यतो असा निवडा की ज्याला हिशेब कळत नाही पण सही छान येते. सातवा नुसता 'सदस्य' राहतो. त्याच्याकडे लक्ष असू द्या, पुढे सगळं तोच करणार आहे.

नावात 'बहुउद्देशीय' हा शब्द हवाच. 'वह्यावाटप मंडळ' असं नाव दिलंत तर उद्या लोक वह्या मागायला येतील. बहुउद्देशीय म्हटलं की कुणाला काय मागावं तेच कळत नाही. उद्दिष्टांच्या यादीत अनाथाश्रम, वृद्धाश्रम, गोशाळा, अभियांत्रिकी महाविद्यालय, कराटे, जलसंधारण आणि व्यसनमुक्ती घाला. ही यादी स्वतः लिहायची नसते. धर्मादाय कार्यालयाच्या आसपास झेरॉक्सची दुकानं असतात, तिथे ती तयार मिळते. आमच्या एका परिचितांच्या घटनेत 'मच्छीमार बांधवांचे पुनर्वसन' असं कलम निघालं. त्यांचा तालुका कायम टँकरवर. वह्यांचा उल्लेख 'इत्यादी'मध्ये येऊन जातो.

महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही करावी लागते. म्हणजे क्रमांक दोन मिळतात, एक सोसायटीचा आणि एक 'एफ'ने सुरू होणारा. हे दोन क्रमांक, सात नावं, त्यांची पदं, पदव्या आणि मोबाइल नंबर छापल्यावर लेटरहेडवर साधारण चार ओळींची जागा उरते. तेवढी पुरते. त्यात 'आपण उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी' एवढंच लिहायचं असतं. शिक्का गोल करून घ्या. चौकोनी शिक्का किराणा दुकानाचा वाटतो.

आता सभा. सभेला कोणी येत नाही, आणि येऊही नये. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करायची आणि तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घ्यायची. त्या सभेला गणपूर्तीचं बंधन नाही, असं बहुतेक नियमावल्यांत लिहिलेलंच असतं. तो अर्धा तास चहाचा. बाकी सगळं इतिवृत्तात घडतं. सूचक साडू, अनुमोदक मेहुणा, ठराव सर्वानुमते मंजूर. प्रत्यक्षात त्या दिवशी साडू नाशिकला आणि मेहुणा साडूशी अबोला धरून असला तरी इतिवृत्तात दोघं एकमेकांचे आभार मानतात. कुटुंबातली एवढी एकी बघायची असेल तर ते रजिस्टर जरूर वाचा.

पैशांचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. देणगीदाराचा पहिला प्रश्न असतो, '८०जी आहे का?', म्हणजे देणगीवर त्याला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता. वह्या कुणाला देणार, हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही. ८०जी मिळवा. मिळाल्यावर देणगीदाराला सांगा की २,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर सवलत नाही. त्यावर तो म्हणेल, मग १,९०० घ्या. तेही घेतलेत की तो त्याच्या सीएला विचारेल आणि कळेल की त्याने नवी करप्रणाली निवडलेली असल्यामुळे त्याला ८०जीचा काही उपयोगच नाही. तुम्ही मात्र दर वर्षी ३१ मेच्या आत देणगीदारांचं विवरण भरायचं. चुकलात तर दिवसाला २०० रुपये शुल्क. दिवसाला किती वह्या झाल्या, हा हिशेब करू नका. त्रास होतो.

अमेरिकेतला पुतण्या पन्नास डॉलर पाठवतो म्हणाला तर त्याला आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर प्रश्न नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी, तिला वेगळी परवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं. ती परवानगी रीतसर हवी, तर संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. थोडक्यात, पुतण्याचे पन्नास डॉलर घ्यायचे तर आधी पंधरा लाख खर्च करा. तोवर पुतण्याला म्हणावं, दिवाळीला येशील तेव्हा दे.

एवढं झाल्यावर कार्यक्रम करायला हरकत नाही. पाहुणे अकरा, शाली अकरा, श्रीफळं अकरा, फ्लेक्स तीन. (फ्लेक्सवर सातव्या सदस्याचा फोटो इतरांपेक्षा लहान येऊ देऊ नका. आला आमच्या एका ठिकाणी.) शालींचं बिल वह्यांच्या बिलाच्या दुप्पट होतं, त्याला इलाज नाही, शाल पाहुण्याला पांघरावी लागते, वही मुलाला नुसती दाखवली तरी चालते. मुलांना नऊला बोलवा, म्हणजे अकराला येणाऱ्या पाहुण्यांना वाट बघावी लागणार नाही. फोटो असा घ्या की एका वहीला सहा हात लागलेले दिसतील. मूल मागे कुठेतरी दिसलं तर उत्तमच. भाषणं लांबल्यामुळे वाटप पहिल्या दहा मुलांवर आटोपतं. उरलेल्या वह्या कार्यालयाच्या कपाटात ठेवा. वह्या कुठे पळून जात नाहीत.

आणि मग सातवा सदस्य उठतो.

तो म्हणतो, शालींचं बिल दाखवा. यात वावगं काही नाही, पण त्याचा सूर तुम्हाला आवडत नाही. तुम्ही सभा घेऊन त्याला काढता. तो त्याच दिवशी, त्याच वेळी, पलीकडच्या हॉटेलात सभा घेऊन तुम्हाला काढतो. गणपूर्तीअभावी तहकूब, अर्ध्या तासाने पुन्हा. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो. तुम्ही देता, तोही देतो. आता संस्थेला दोन अध्यक्ष, दोन लेटरहेडं आणि दोन गोल शिक्के आहेत. खजिनदार मात्र एकच, तो दोन्हीकडे छान सही करून आला आहे. बँक म्हणते, निकाल आणा, मग पैसे काढा. तारखा पडू लागतात. कपाटाला तुमचं कुलूप असतं, सातवा सदस्य त्यावर आपलं लावतो.

खचून जाऊ नका. संस्था जिवंत असल्याचं याहून मोठं लक्षण नाही. इतक्या वर्षांत तुमचे सगळे सभासद पहिल्यांदाच सभेला हजर राहू लागलेत, तेही वकील घेऊन.

जूनमध्ये त्या निवृत्त बाई कार्यालयाशी येतील. तुमच्याकडच्या तीस मुलांपुरत्या वह्या पडून आहेत असं कळलं, देता का, म्हणतील. त्यांना नम्रपणे सांगा की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्या कपाटाकडे, मग दोन्ही कुलपांकडे बघतील आणि पिशवी सावरत बाजाराकडे वळतील. अशा तळमळीच्या बाईंना आजीव सभासद करून घ्यावं, असा ठराव पुढच्या सभेत जरूर मांडा. फक्त तो कुठल्या गटाच्या सभेत मांडायचा, ते आधी वकिलांना विचारून घ्या.