मानस जप आणि मोठ्याने म्हटलेला हरिपाठ

सप्रेम नमस्कार.

सप्ताहातील हरिपाठावरच्या माझ्या लेखाविषयी आपण विचारता की, मनुस्मृतीने मानस जप सर्वश्रेष्ठ ठरवलेला असताना मोठ्याने म्हणण्याचे कौतुक कशासाठी, एवढ्या गलबल्यात मन शांत कसे व्हावे, आणि पहाटेच्या भोंग्याने आजाऱ्यांची झोप मोडते त्याचे काय.

मनुस्मृतीतील ती उतरंड जपाची आहे, आणि जप ज्याचा त्याने करायचा असतो. हरिपाठ एकट्याचा नव्हे. परभणी-हिंगोलीकडच्या कोणत्याही सप्ताहात सायंकाळी पाहावे: टाळकरी समोरासमोर दोन रांगांत, मध्ये विणेकरी, शेजारी मृदंग. एका रांगेने म्हटलेला चरण दुसरी उचलते आणि ‘हरि मुखे म्हणा’ हे ध्रुपद सगळे मिळून घेतात. समोरची रांग म्हणत असते तेवढ्यात आपल्याला दम घेता येतो, अडलेला शब्द तिच्या तोंडून कानावर पडतो आणि पुढच्या खेपेस तो न अडखळता येतो. मांडवाच्या कडेला बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आयाबायांना हरिपाठ मुखोद्गत झाला तो असाच. सगळ्यांनी मनातल्या मनात म्हटला असता, तर त्यांच्या कानी काय पडले असते? जात्यावरच्या ओव्याही आईकडून लेकीकडे दळता दळताच गेल्या.

मनःशांतीविषयी बोलायचे, तर २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ जणांवरील अभ्यासात, जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा योगमंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आल्याचे आढळले होते. तेवढ्यावरून हरिपाठाला वैद्यकीय प्रमाणपत्र देणे मला पटत नाही, कारण द्रुत लयीत पावली सुरू झाली की श्वास संथ राहत नाही. तिथे लाभतो तो उल्हास, आणि माणसे मुख्यतः त्याच ओढीने येतात.

भोंग्याबाबत मात्र आपले म्हणणे रास्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सणावारी राज्य सरकार देऊ शकते ती सवलतही मध्यरात्रीपर्यंतचीच असल्याने पहाटेचा काकडा तिच्यात बसत नाही. काकड्याला भोंगा लागतही नाही. वीज गेली की आपल्याकडे तो तसाच होतो. भोंगा उतरवण्यासाठी सप्ताह समितीला अर्ज देणार असाल, तर त्यावर माझीही सही घ्यावी.