वेट्टाकोलेन आणि वेताळ टेकडी

पावसाळा सुरू झाला की पुण्याहून मावसभावाचा एक तरी व्हिडिओ येतो. या वेळच्या व्हिडिओत हरिहर किल्ल्याच्या कोरीव पायऱ्यांवर माणसे एकमेकांना चिकटून उभी होती. वरच्याचा बूट खालच्याच्या डोक्याला लागत होता, आणि अशातही कोणीतरी खोबणीतला हात सोडवून मोबाइल उंच धरला होता. सोबत भावाचे एका ओळीचे मत होते : "आता सरसकट बंदीच हवी." याच भावाने मला पंधरा वर्षांपूर्वी नळीच्या अवघड वाटेने हरिश्चंद्रगडावर नेले होते, त्यामुळे त्याचा वैताग मला थट्टेवारी नेता येत नाही.

बंदीची मागणी निराधार नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत धबधबे आणि घाटमाथे बंद करणारे आदेश निघाले; पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात, की चार बेशिस्तांपायी सह्याद्रीची दारे सर्वांनाच का लावायची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. तेव्हापासून या वादाला आणखी धार आली आहे. गंमत अशी, की एरवी कशावरच एकमत नसलेल्या या दोन्ही बाजू एका आरोपीवर मात्र सहमत आहेत, आणि तो आरोपी म्हणजे कॅमेरा. लोक डोंगर पाहायला येत नाहीत, फोटो काढायला येतात, असे दोघेही म्हणतात. गेली सहा वर्षे नॉर्वेतल्या ऑस्लोत राहिल्यावर मला हे निदान चुकीचे वाटू लागले आहे.

माझा स्वतःचा गुन्हा आधी कबूल केलेला बरा. पुण्यात असताना मी किल्ले मोजत असे. "किती झाले?" हा आमच्या गटातला नेहमीचा प्रश्न होता, आणि प्रत्येक किल्ल्याचा पुरावा म्हणून एक फोटो पुरत असे. नॉर्वेत आल्यावरही पहिली दोन वर्षे मी तेच केले. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, पाण्यापासून ६०४ मीटर उंचीवरच्या प्रेकेस्टोलेनच्या सपाट कड्यावर गेले. मग ट्रोलटुंगाला गेले. तेथे जाऊन-येऊन सुमारे सत्तावीस किलोमीटर चालावे लागते, आणि एवढी पायपीट करून त्या जिभेसारख्या शिळेजवळ पोचल्यावर फोटोसाठी चक्क रांग असते. मी त्या रांगेत तासाभराहून अधिक उभी राहिले आणि जो फोटो जगात सर्वांकडे आहे, तो घेऊन परतले. शाळकरी वयापासून चित्रे काढणाऱ्या बाईने घरी आल्यावर तो फोटो दुसऱ्यांदा उघडूनसुद्धा पाहिला नाही.

नंतर गुडघा दुखावला आणि लांबच्या मोहिमा बंद झाल्या. उरली ती वेट्टाकोलेन ही शहराच्या कडेची टेकडी. मेट्रोने शहराच्या मध्यापासून वीसेक मिनिटांत तिच्या पायथ्याचे स्थानक येते आणि तेथून वर जायला गुडघेदुखीच्या माणसालाही फार वेळ लागत नाही. (पुण्यातल्या वेताळ टेकडीशी असलेले तिचे नामसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे, पण पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते.) मी दर शनिवारी तेथे जाऊ लागले, सोबत जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एकच लेन्स. जवळ-दूर करण्याची सोय नसलेल्या लेन्ससाठी पायांनीच पुढे-मागे व्हावे लागते, एवढाच तिच्या निवडीमागचा विचार होता.

पहिल्या महिन्यात एकही धड फोटो निघाला नाही. तोच फ्योर्ड, तेच पाइन, तोच खडक. पाचव्या-सहाव्या खेपेला आला तो शुद्ध कंटाळा, आणि माझ्या मते खरे काम त्या कंटाळ्याने केले. दृश्य संपले, तेव्हा उजेड दिसू लागला. डिसेंबरात ऑस्लोत सूर्य नऊनंतर उगवतो, तीनच्या सुमारास मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम सहा-सात अंश वर असतो. आपल्याकडे दुपारच्या उन्हात फोटो काढू नये म्हणतात, कारण डोक्यावरचा सूर्य सगळे सपाट करून टाकतो. येथे उजेड असतो तितका वेळ तो आडवाच असतो. बर्फावरच्या सशाच्या पावलांतही सावली भरते. एक वठलेले झाड मी दोन हिवाळे टिपत होते, आणि त्याच्या सालीचा राखाडी रंग दर खेपेला निराळा का येतो, हे शोधता शोधता घरी रंगांची पेटी उघडली गेली. बारा वर्षांनी. कॅमेरा वाईट असता तर त्याने मला चित्रापर्यंत परत नेले नसते. फोटो काढणे आणि पुरावा गोळा करणे यांत फरक आहे, आणि तो पडतो पुन्हा त्याच जागी जाण्याने.

पुन्हा पुन्हा जाता येणे ही मात्र मनाच्या मोठेपणाची नव्हे, तर व्यवस्थेची गोष्ट आहे. ऑस्लोभोवतीच्या जंगलाला येथे 'मार्का' म्हणतात. २००९ पासून त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि मार्काच्या सीमेच्या आत बांधकामाला मुळातच मज्जाव आहे. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही फिरण्याचा हक्क दिला आहे. तंबू मात्र राहत्या घरापासून १५० मीटर दूर हवा. पायवाटा निळ्या खुणांनी आणि स्कीच्या वाटा लाल खुणांनी दाखवलेल्या असतात. १८६८ मध्ये स्थापन झालेली गिर्यारोहण संघटना आणि तिचे स्वयंसेवक या पायवाटा राखतात. डोंगरातल्या वागणुकीचे नऊ नियमही सर्वांच्या तोंडी आहेत. त्यांतला आठवा सांगतो, की वेळीच मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. बंदीचा आदेश माणसाला जाऊ नको म्हणतो, पण गेलेल्या माणसाने केव्हा फिरावे हे त्यातून कोणी शिकत नाही.

पण एवढ्यामुळे नॉर्वे आदर्श ठरत नाही. ट्रोलटुंगाला एका दशकाच्या आत काही शेकड्यांवरून ऐंशी हजारांच्या घरात माणसे येऊ लागली, आणि तेथेही वाट चुकलेल्यांना सोडवून आणता आणता स्थानिक मंडळी मेटाकुटीला आली. या देशात चार लाखांहून अधिक सुट्टीची घरे आहेत आणि त्यांतली कित्येक डोंगर पोखरून बांधली आहेत, यावर येथले लोकच चिडलेले असतात. शिवाय साऱ्या देशाची लोकसंख्या अवघी छपन्न लाख. महाराष्ट्रात २०११ मध्येच सव्वाअकरा कोटी माणसे होती. येथला मोकळेपणा जसाच्या तसा लोहगडावर नेऊन ठेवला, तर एका रविवारात गडाचे हाल होतील, हे मला कळते. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या प्रवेशाला मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आहे, तसे काही नाजूक ठिकाणी करावेच लागेल. भावाच्या मागणीशी मी इथपर्यंत चालू शकते.

त्यापुढे मात्र मला पुण्यातलाच दुसरा वाद आठवतो. वेताळ टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढण्याच्या योजनेविरुद्ध २०२३ मध्ये नागरिक रस्त्यावर उतरले, आणि शहराभोवतीच्या टेकड्यांवरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टिकणार की नाही, हा घोळ त्याहून जुना आहे. हा वाद पर्यावरणवाद्यांचा आणि गडावरच्या गर्दीचा वाद गिर्यारोहकांचा, अशी वाटणी झाली आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. चालत किंवा बसने जाता येईल अशी टेकडी ज्याला नाही, त्याच्यासाठी डोंगर म्हणजे वर्षातला एखादा रविवार, भाड्याची गाडी आणि दहा जणांचा गट. एवढ्या खर्चाने गेलेला माणूस पुरावा घेऊनच परतणार. हरिहरच्या पायरीवर हात उंच करणाऱ्या त्या मुलाला दोष देण्याआधी त्याच्या घराजवळ काय शिल्लक आहे, हे विचारायला हवे. टेकडी वाचली म्हणून गडावरची गर्दी लगेच ओसरेल, असा माझा दावा नाही. एकीकडे टेकड्या कापत राहून दुसरीकडे गड बंद करत जाणे हे धोरण होऊ शकत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

भावाला हे लिहून पाठवले, तेव्हा त्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवून विषय संपवला. बाबांची गोष्ट वेगळी. ते तीस वर्षे रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातात आणि त्यांनी तेथे एकही फोटो काढलेला नव्हता. मी त्यांना दर रविवारी टेकडीवरच्या खाणीच्या कडेवरून, एकाच जागी उभे राहून, एक फोटो पाठवायला सांगितले. "त्यात काढण्यासारखं काय आहे? रोजचीच खाण आहे ती," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. पहिले दोन रविवार एकेक फोटो आला, दोन्ही वाकडे. पाऊस पडून खाणीत पाणी साठल्यावरच्या रविवारी त्यांच्याकडून अकरा फोटो आले, सगळे त्याच पाण्याचे, आणि सहाव्यासोबत निरोप होता : "हा बघ, यात ढग आलाय."