कुंडी रिकामी नाही!

पेव म्हणजे पावसाळ्यात कंदातून उगवणारं, पांढऱ्या फुलांचं रानझाड. डिसेंबर ते मे या काळात पेव लावलेली कुंडी ही घरातली सार्वजनिक मालमत्ता असते. वर एक पान नाही, नुसती माती. मग तीत कोणी धणे पेरतं, कोणी लिंबाच्या बिया खोचतं, तर कोणी देवपूजेतलं पाणी रोज नेमाने ओततं. पहिल्या दोघांना मी माफ करायला तयार आहे. तिसऱ्याला नाही. पानं नसताना झाड पाणी ओढत नाही, माती ओलीच राहते आणि खालचा कंद कुजतो. बरीचशी पेवं मरत नाहीत, भक्तिभावाने मारली जातात.

नोव्हेंबरात पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत जावं आणि दांडे वाळल्यावर बंद करावं. दांडे उपटू नयेत, चार बोटं खुंट ठेवून कापावेत. घरच्यांसमोर तेवढाच पुरावा हाताशी राहतो. उन्हाळ्यात कुंडी सावलीत सरकवून पंधरा-वीस दिवसांनी कपभर पाणी पुरे. जमिनीतल्या पेवाला तेही नको, वर पालापाचोळा पसरला की झालं. 'इथे झाड आहे' अशी पाटी लावून बघायला हरकत नाही. लोक पाटी वाचतात आणि "कुठंय?" म्हणून माती उकरून बघतात.

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटांत पेव रानाच्या कडेला वाढतं: रस्त्यालगतच्या उतारावर, ओहोळाच्या काठाला. घरीही त्याला अशीच कड हवी. सकाळचं ऊन, दुपारी सावली. दुपारच्या उन्हात पानं करपतात. गच्च सावलीत दांडे नुसते लांबतात, फूल येत नाही.

लागवड मेअखेरीस करावी. रानातून उपटून आणू नये, रोपवाटिकेतून घ्यावं. तिथली पाटी मात्र जपून वाचावी, कारण शास्त्रज्ञांनी या झाडाला कॉस्टस या वंशातून काढून 2006 साली चेलोकॉस्टस केलं आणि पुढे हेलेनिया. झाड तेच आहे, भाव प्रत्येक पाटीवर वेगळा. कंदाचा निदान दोन डोळे असलेला बोटभर तुकडा कापून, काप एक दिवस सुकू द्यावा आणि दोन इंच खोल आडवा पुरावा. कुंडी सोळा इंची आणि पसरट हवी. कंद खाली जात नाही, बाजूला सरकतो. दोन भाग माती, एक भाग पानांचं खत, एक भाग शेणखत आणि तळाशी विटांचे तुकडे. कंद नसेल तर फुलून गेलेल्या दांड्याचे तीन-चार पेरांचे तुकडे करून, पानं काढून, ओल्या वाळूत आडवे अर्धे दाबावेत. पेरांपाशी कोंब फुटतात.

मग पाऊस येतो आणि सहा महिने झोपलेलं झाड सहा-आठ फूट उंच होतं. दांडा पीळ घेत चढतो, पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी फिरत जातात. फुलांच्या कणसाचं वजन शेंड्याला, कंद मात्र वरच्यावर. म्हणजे जोराच्या वाऱ्यात हे सगळं शेजाऱ्याच्या दोरीवरल्या कपड्यांवर आडवं. जुलैतच बांबू रोवून सैल बांधावं. ऑगस्टच्या सुमारास लाल कणसातून एखाद-दुसरं पांढरं, चुरगळल्यासारखं दिसणारं फूल उमलतं आणि दिवसभरात आटोपतं. "रविवारी निवांत येतो बघायला" म्हणणाऱ्याला हो म्हणावं. तोवर पुढचं फूल आलेलं असतं आणि त्याला फरक कळत नाही.

गोगलगायींना मात्र रविवार लागत नाही. त्या रात्री येतात आणि कोवळ्या कोंबांपासून सुरुवात करतात. टॉर्च घेऊन त्या वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकाव्यात. मातीत मीठ भुरभुरवू नये. त्याने गोगलगाय जाते आणि पाठोपाठ पेवही.

या सगळ्यातून वाचलेल्या पेवाला शेवटी मधुमेहाचा उपद्रव होतो. इन्शुलिनचं झाड म्हणून जे विकतात, ते नारिंगी फुलांचं, बुटकं, मूळचं ब्राझीलचं. पानांची ठेवण मात्र सारखी. त्यामुळे इमारतीतली साखरवाली मंडळी सकाळी फिरून येताना पेवाची पानं खुडतात. "काका, हे ते झाड नाही," म्हटलं तर काका पान चावत चावत म्हणतात, "असू दे, पण मला गुण आहे."