भावोजींसाठी धावते समालोचन

मोटारींच्या शर्यती पाहणारा माणूस मराठी घरात बहुधा एकटाच असतो. पण आमच्या घरात तो जावई असल्यामुळे त्याच्या करमणुकीची व्यवस्था ही सासुरवाडीची जबाबदारी ठरली आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले माझे थोरले भावोजी २०२५च्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी मुलीकडे जर्मनीत, स्टुटगार्टला, गेले. मर्सिडीज आणि पोर्शे या दोन्ही कंपन्यांचे माहेर असलेल्या त्या शहरात पोहोचून त्यांनी पहिली तक्रार केली ती अशी, की तिथल्या दूरचित्रवाणीवर फॉर्म्युला वनचे समालोचन जर्मनमध्ये चालते. भाचीने इंग्रजी समालोचनाची सोय करून देऊ केली. भावोजींना इंग्रजी उत्तम समजते. ते म्हणाले, "कळतं गं सगळं, पण त्या माणसाशी भांडता येत नाही." परिणामी त्या उन्हाळ्यातले माझे शर्यतींचे रविवार ठाण्यात पोखरण रोडवरच्या आमच्या दिवाणखान्यात, पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर, स्टुटगार्टसाठी मराठी समालोचन करण्यात गेले.

या पदावर माझी नेमणूक झाली ती २००५ साली. नारायण कार्तिकेयन त्या वर्षी जॉर्डन संघाकडून उतरून फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय चालक ठरला होता आणि भावोजींकडच्या केबलवर ती वाहिनी दिसत नसल्यामुळे ते शर्यतीसाठी आमच्याकडे येत. जूनमध्ये इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर एका वळणावर दगा देतील अशी भीती निर्माण झाली, ते टायर वापरणाऱ्या चौदा गाड्या सुरुवातीआधीच माघारी फिरल्या आणि शर्यत उरलेल्या सहा गाड्यांत झाली. कार्तिकेयन चौथा आला. भावोजींचा चष्मा त्या रात्री घरी राहिला होता, म्हणून कोण कुठे आहे ते मी मोठ्याने सांगत बसलो. सहाच गाड्यांत नावे चुकण्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे रेडिओवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी समालोचन ऐकत मोठे झालेल्या भावोजींनी "तुझा आवाज बरा आहे रे" असा शेरा मारला. त्या शेऱ्याची फेड मी अजून करतो आहे. एरवी शर्यतीत तेव्हा वीस गाड्या असत, ही गोष्ट माझ्या लक्षात आली तोवर नेमणूक कायम झाली होती.

युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. या वेळेची निवड ज्याने केली त्याला मराठी घराची काही कल्पना नसावी. साडेसहा म्हणजे दिवेलागणीची वेळ, पाहुण्यांच्या चहाची वेळ, आणि रविवार असला तर गृहनिर्माण संस्थेच्या सभेचीही वेळ. परंतु या सगळ्यांपेक्षा मोठा शत्रू वेगळाच होता. भावोजींचे चित्र उपग्रहावरून येत होते आणि माझे इंटरनेटवरून. इंटरनेटवरचे चित्र तुकड्या-तुकड्यांनी साठवून मग दाखवले जात असल्यामुळे ते मागे राहते आणि आमच्या घरी ते अर्धा मिनिट तरी मागे असे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने निघालेली गाडी अर्ध्या मिनिटात अडीच किलोमीटर जाते. म्हणजे ज्या वळणाचे मी रसभरीत वर्णन करत होतो, ते वळण भावोजींच्या पडद्यावर केव्हाच मागे पडलेले असे. बारशाचे पेढे वाटून झाल्यावर लग्नाची पत्रिका यावी, तसा हा प्रकार होता. तिकडचे चित्र थोडे थांबवून चालवावे असा तोडगा भाचीने काढला. भावोजींनी "मी शिळं पाहणार नाही" एवढे बोलून तो निकालात काढला.

त्यामुळे व्हायचे असे, की मी इकडे संथपणे तेराव्या वळणात शिरत असताना कानात एकदम आरोळी यायची, "अरे गेला! गेला, गेला!" आता 'गेला' याचा अर्थ पुढे गेला, बाहेर गेला की कायमचा गेला, हे कळायला मार्ग नसे, आणि विचारावे तर भावोजी म्हणत, "ते तू सांगायचंस ना!" मग मी श्वास रोखून पडद्यावरच्या प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहत बसत असे.

आमची इमारत येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, हेही या ठिकाणी सांगायला हवे. ऑस्ट्रियाच्या शर्यतीत मॅक्लारेन या एकाच संघाचे दोन चालक, नॉरिस आणि पियास्ट्री, एकमेकांच्या अंगावर येत होते आणि गॅलरीचे दार उघडे होते. पियास्ट्रीने आतली बाजू धरताच मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "घुसला! आत घुसला! पूर्ण आत घुसला!" काही क्षणांत खालचा वॉचमन काठी आणि बॅटरी घेऊन दारात हजर झाला, त्याच्या मागे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कारकून होते आणि जिन्यात बायका मुलांना घरात ओढत होत्या. २०१९ मध्ये समतानगरच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, तेव्हापासून आमच्या भागात हे क्रियापद जपून वापरावे लागते. वॉचमनची समजूत काढून मी परतलो तर फोनमधून भावोजी विचारत होते, "मध्येच गप्प का झालास? पगार देत नाही म्हणून?"

सिल्व्हरस्टोनची शर्यत ६ जुलैला, आषाढी एकादशीच्या दिवशी आली. तिकडे भावोजींनी उपास धरला होता, इकडे पाऊस होता, आणि इंग्लंडातही पाऊसच होता. शेवटच्या फेऱ्यांत त्यांच्याकडच्या जर्मन समालोचकाचा आवाज एवढा चढला की तो फोनमधून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. भावोजी घाबरून म्हणाले, "अरे, हा माणूस एवढा का ओरडतोय? बघ लवकर!" मी काय बघणार? माझ्या पडद्यावर अजून त्या आधीचे वळण चालू होते. अखेर उलगडा झाला तो असा, की २०१० साली पदार्पण केलेला जर्मन चालक हुल्केनबर्ग एकोणिसाव्या स्थानावरून निघून, मागून येणाऱ्या हॅमिल्टनला थोपवून तिसरा आला होता आणि आपल्या २३९व्या शर्यतीत पहिल्यांदाच बक्षिसाच्या पायरीवर चढणार होता. हे मी गहिवरून सांगितले. भावोजींना त्याचे विशेष वाटले नाही. त्यांचे लक्ष पियास्ट्रीच्या दंडावर होते. सेफ्टी कारच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी सगळ्यांचा वेग आवरायला पुढे चालणाऱ्या गाडीच्या, मागे असताना त्याने एकाएकी जोरात ब्रेक लावला म्हणून त्याला दहा सेकंदांचा दंड झाला आणि विजय नॉरिसकडे गेला होता. "गाडी त्याची, ब्रेक त्याचा. मागच्याने अंतर ठेवायला नको?" हा मुद्दा भावोजींनी साबुदाण्याची खिचडी निवेपर्यंत माझ्याकडे लावून धरला, जणू दंड मीच केला होता.

पुढे २७ जुलैला, श्रावणातल्या पहिल्या रविवारी, बेल्जियममध्ये स्पाला शर्यत होती. पावसामुळे समोरचे काही दिसेना, म्हणून सुरुवात ऐंशी मिनिटे लांबली. ऐंशी मिनिटे ओल्या डांबराचे वर्णन करण्याइतकी प्रतिभा माझ्याकडे नाही. ढगांचे रंग, छत्र्यांचे रंग आणि संघांच्या गणवेशांचे रंग सांगून झाल्यावर माझी बोलती बंद झाली. शेजारी आई नातीला आदित्यराणूबाईची कहाणी सांगत होती. फोनमधून आवाज आला, "तू थांब. आईंना दे."

आईने फोन घेतला. "ऐकताय ना जावईबापू? आटपाट नगर होतं," अशी सुरुवात करून तिने कहाणी साठा उत्तरांची पाचा उत्तरी न करता मोकळ्या हाताने पुरवली, आणि सेफ्टी कार निघाली तेव्हा फोन परत देण्याचे तिच्या मनातही आले नाही. काही फेऱ्यांनंतर सेफ्टी कार बाजूला होताच पियास्ट्रीने नॉरिसला मागे टाकले. मॅक्लारेनच्या नारिंगी रंगाला तो संघ स्वतःच पपई म्हणतो, असे मी तिला कधी तरी सांगितले होते. आई म्हणाली, "अहो, एका पपईने दुसऱ्या पपईला मागं टाकलं बघा. दोघं एकाच घरचे ना? मग थोरल्याला पुढं जाऊ द्यायला काय झालं होतं?" एरवी अशा वाक्यावर भावोजींनी मला सोलून काढले असते. सासूबाईंना मात्र ते चव्वेचाळीस फेऱ्या "हो आई, बरोबर आहे आई" एवढेच म्हणत राहिले.

रात्री जेवून मी आडवा होतो न होतो तोच फोन वाजला. "थोरला म्हणजे काय रे?" भावोजींनी तावातावाने सुरुवात केली. "शर्यतीत कुणी थोरला असतो का? आणि चौथा आलेल्या वेर्स्टापेनला त्या 'तो बिचारा निळा' म्हणाल्या, तेव्हा तू काय करत होतास?" आईच्या एकेका विधानाचा समाचार घ्यायचा, तर ते विधान कोणत्या फेरीत झाले हे ठरवणे आवश्यक होते, म्हणून त्यांनी मला तीच शर्यत पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगितली, पावसासकट.